हरणाबाईचे जोर

माझा आईला पहिला उपयोग झाला तो वजन म्हणून. बाकीच्यांच्या आया लेकरांना अंगाखांद्यावर खेळवतात. माझ्या आईनं मला खांद्यावर घेऊन बैठका मारल्या. वर-खाली होताना मी रडायची थांबायची आणि तिच्या मांड्यांना दम यायचा, म्हणजे तक्रार करायला दोघींनाही जागा नव्हती.

सुरुवातीचं सगळं मला आठवणं शक्य नाही. ते मी आजीकडून, शेजारच्या राहीबाईकडून आणि खुद्द आईकडून ऐकलं. तिघींच्या सांगण्यात जिथं फरक पडला तिथं मी आईचं खरं धरलंय. ज्याला पटणार नाही त्यानं दुसरीकडे चौकशी करावी.

आईचं नाव हरणाबाई. माहेर विट्याजवळच्या एका वाडीतलं. तिचे वडील कोंडीबा वस्ताद गावाची तालीम चालवायचे. तीसेक पोरं त्यांच्या हाताखाली पहाटेपासून घुमायची. तालमीत व्यायामाला व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. सकाळी मेहनत, संध्याकाळी कुस्ती. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, पण दुधाची चरवी दारापर्यंत नेऊन द्यायला बाईमाणूसच लागायचं. हे काम आईकडं होतं. चरवी रिकामी होईपर्यंत ती दाराशी उभी राहून आत बघायची.

घरी तिची आई उंबऱ्यापाशी घोंगडीवर बसलेली असायची. पाचव्या बाळंतपणानंतर तिची कंबर गेली ती गेलीच. उठायचं तर दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढायची आणि मग घटकाभर तशीच वाकून उभी राहायची. त्या वेळी ती म्हातारी नव्हती, तिशीतली होती.

एकदा तालमीतल्या एका पोराची कंबर लचकली. वस्तादांनी त्याला महिना-दीड महिना हलके जोर, हलक्या बैठका लावून परत मातीत उतरवला. आई तेव्हा दहा वर्षांची असेल. ती वडिलांना म्हणाली, "आण्णा, आयेचीबी कंबर अशीच भरून काढा की."

वस्ताद हसले. "बायकांची कंबर येगळी असती, पोरी," म्हणाले.

ते हसू तिनं त्यांना कधी माफ केलं नाही. दोन वर्षांनी तिची आई गेली. तोवर आई गोठ्यामागं चोरून जोर मारायला शिकली होती. वस्तादांनी एकदा तिला बघितलं. रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. "कोपरं बाहीर जात्यात," एवढं बोलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिची कोपरं आत होती.

आता जोर म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच घडलं. हात-पाय भुईला टेकवून, कंबर उंच करून, अंग पुढं झोकत छाती भुईच्या जवळून काढायची आणि मान वर उचलायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस देवाला दंडवत घालतंय.

लग्न होऊन ती आमच्या गावाला आली. साताऱ्याहून कोरेगावकडं जाताना लागतं ते. माझे वडील सयाजी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेव्हा पलटणीत भरती झालेले होते. १९४३ च्या सुरुवातीला रजेवर येऊन गेले आणि पुढं त्यांची पलटण आगबोटीत बसून इटलीच्या लढाईवर गेली. त्याच साली दिवाळीच्या सुमाराला आजोळी माझा जन्म झाला. बाजेखाली शेगडी, पोटाला करकचून बांधलेलं लुगडं, डिंकाचे लाडू, असा सव्वा महिना आईनं निमूट काढला. पाचव्या महिन्यात मला घेऊन ती सासरी आली.

आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती विहिरीवरून भरलेली तांब्याची घागर घेऊन येत होती. अर्ध्या वाटेत तिच्या कंबरेतून कळ आली आणि ती खाली बसली. घागर गडगडत जाऊन दगडावर आपटली आणि तिला पोचा आला. दोघी बायांनी तिला धरून उठवलं. त्यांतली एक मायेनं म्हणाली, "आता असंच ऱ्हायाचं गं. प्वार झालं की बाईची कंबर पयल्यासारखी ऱ्हात न्हाई."

आईला रडू आलं नाही, राग आला. उंबऱ्याच्या चौकटीला धरून उठणारी तिची आई तिला तिथं त्या धुळीत दिसली. तिनं ठरवलं, आपण चौकट धरायची नाही.

त्याच संध्याकाळी ती माझ्या आजीपुढं, म्हणजे तिच्या सासूपुढं, जाऊन उभी राहिली. आजीचं नाव धोंडुबाई. मनानं वाईट नव्हती, पण घरात तिच्या शब्दापुढं कुणाचा शब्द जात नसे.

"आत्याबाई, मला रोज सकाळी घटकाभर मेहनत कराया पायजे."

आजीला भरून आलं. पाच महिन्यांची लेकुरवाळी सून आपणहून मेहनत मागतेय! "कर की माझे बाय," ती म्हणाली, "मेहनतीला काय कमी हाय व्हय आपल्यात?"

आणि दुसऱ्या दिवसापासून आईच्या वाट्याला परड्यातल्या वांग्यांची खुरपणी आणि दोन ढोरांचं शेण जास्तीचं आलं. आजी तिच्यावर इतकी खूश होती, की तीन दिवस आईला काय झालंय ते उमजेना. चौथ्या दिवशी उमजलं. मग तिनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि परड्यात आजीसमोर चार जोर मारून दाखवले. "ही मेहनत, आत्याबाई."

आजीच्या हातातलं सूपच खाली पडलं. "आगं बाळंतीण तू! दूध तापंल तुझं! पोरगी हगंल! आन गरत्या घरची सून अशी भुईवर सरपटती व्हय?"

"दळाय, पाणी वडाय, खुरपाय मला कोण अडवत न्हाई. तवा दूध तापत न्हाई व्हय?"

"ते काम हाय."

"हेबी कामच हाय. ते तुमचं, हे माझं."

"माझ्या घरात चालणार न्हाई," आजी म्हणाली.

आई यावर हो म्हणाली नाही. आमच्या गावात सुनेनं हो न म्हणणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे आजच्या मुलींना सांगून समजायचं नाही.

आजी रोज सकाळी भैरोबाचं देऊळ झाडायला जायची. जायला, झाडायला, यायला मिळून अर्धा तास. हा अर्धा तास आईनं आपला केला. त्याआधी दळण उरकायचं, मला पोटभर पाजायचं आणि आजीची पाठ वळली की परड्यात जायचं. पाजायचं आधी आणि जोर नंतर, हा तिचा नेम होता. दुधाचं काही बरंवाईट झालं तर बोल कुणाला लागणार, हे तिला ठाऊक होतं. दूध काही तापलं नाही. मी चांगली गुटगुटीत झाले आणि त्याचं श्रेय आजीनं डिंकाच्या लाडवांना दिलं.

अडचण होती ती माझीच. खाली ठेवलं की मी टाहो फोडायची आणि टाहो ऐकून गल्ली गोळा व्हायची. म्हणून तिनं मला मेहनतीत घेतलं. बैठका मारताना मी खांद्यावर. जोर मारताना मी गोधडीवर उताणी तिच्या खाली, आणि प्रत्येक जोराला तिचं नाक माझ्या कपाळाला लागायचं. त्यावर मी खिदळायची. मी रांगायला लागले तेव्हा तिच्या हातांमधून आरपार जायची. वर्षाची झाल्यावर पाठीवर बसायला लागले. पलटणीत म्हणे जवानांच्या पाठीवर ओझं बांधून पळवतात. आईच्या पाठीवरचं ओझं तिचे केस ओढायचं.

मेहनत सुरू केल्यापासून महिन्याभरातच तिची कंबर धरायची थांबली होती.

आमच्या आणि राहीबाईच्या परड्याच्या मध्ये मातीची भिंत होती आणि भिंतीला लागून शेवगा. राहीबाई एका सकाळी शेंगा काढायला भिंतीवर चढली आणि तिनं पाहिलं, की धोंडुबाईची सून पूर्वेला तोंड करून, पोरीला पुढ्यात घालून, भुईला कपाळ टेकवत एकामागून एक दंडवत घालतेय. नवरा लढाईवर. राहीबाईला आणखी काय समजायचं होतं? तिचे डोळे भरून आले. शेंगा तिथंच टाकून ती तडक देवळात गेली आणि आजीला म्हणाली, "धोंडुबाई, सून न्हवं, देवी हाय तुझ्या घरात. सयाजीपायी रोज दंडवत घालती, आन तुला पत्ता न्हाई!"

आजी धावत घरी आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

पुढं माझ्या आईवर खोटेपणाचा आळ आला, म्हणून हे मी मुद्दाम सांगते. तिनं खरं सांगायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आजीला तिनं तिथल्या तिथं सांगितलं, "आत्याबाई, ते दंडवत न्हवतं. तुमाला दावलेलं तेच जोर हायती." आजीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नगंस! सांगू नगंस बाय! नवस बोलून दावला की फुकट जातोय. कळलं मला. त्या दिशीबी तू मेहनत म्हणून झाकलंस."

विहिरीवर तिनं चारचौघींत सांगितलं, "आवं, नवस-बिवस कायबी न्हाई. माझ्या कंबरंसाठी करती मी." तर राहीबाईनं बाकीच्यांना डोळा घातला. "आसंच म्हणायचं आसतंय," म्हणाली. आई जितकं नाही म्हणेल तितका नवस पक्का होत गेला. खरं बोलून माणूस इतकं अडकलेलं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

गंमत म्हणजे त्या अडकण्यानं तिची मोठीच सोय झाली. आजीनं तिला परड्यातून काढून पुढच्या सोप्यात आणलं. तिथली भुई रोज शेणानं सारवायची, कडेला रांगोळीची चार बोटं ओढायची आणि कोनाड्यात दिवा लावायची. पहाटेचं दळण तिनं स्वतःकडं घेतलं. मी मध्येच भुकेनं रडले तर मला गूळ चाटवत बसायची, पण सुनेला उठू द्यायची नाही. गल्लीतून जाणाऱ्या बाया सोप्याकडं बघून हात जोडायच्या. एक-दोघींनी आपल्या माणसांची नावं घेऊन "आमच्यासाठीबी एक घाल" म्हटलं. त्यांना आईनं सरळ सांगितलं, "माझ्या जोरावर कुणाच्या जिवाचं वझं टाकू नगा." त्यावर त्यांनी तिच्या पायांनाच हात लावला.

आणि मग पत्र आलं. आजीनं शाळेच्या मास्तरांकडून आबांना लिहून घातलं होतं, की तुझी बायको तुझ्यासाठी रोज दंडवत घालते, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आईला यातलं काही माहीत नव्हतं. आबांचं उत्तर मास्तरांनी सोप्यात बसून वाचलं. आबांनी लिहिलं होतं, तिच्या पुण्याईनं सुखरूप आहे.

आई संतापली. मास्तरांना म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ल्हिवा, पुण्याई न्हाई, माझी कंबर हाय ती."

मास्तरांनी चष्मा काढला. "हरणाबाई, लढाईवरच्या माणसाला असं लिहितात का? त्याला तेवढाच आधार."

"आधार बंदुकीचा धरा म्हणावं."

मास्तरांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी खरडलं आणि घडी घालून नेलं. पुढं कळलं, की त्यात फक्त 'इकडील सर्व ठीक' एवढंच होतं. आईला वाचता येत नव्हतं याचा त्यांनी फायदा घेतला. चांगल्या मनानं घेतला, पण घेतला.

दोन वर्षं अशी गेली. आई एक घागर डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन विहिरीची चढण न थांबता चढायची. १९४६ च्या उन्हाळ्यात आबा कायमचे घरी आले. गाव हलगी लावून आणायला गेलं. सोप्यात बसल्यावर त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून आजीचं ते पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं, घामानं पिवळं पडलेलं. "दोन वर्सं छातीवर ठिवलं," ते म्हणाले, "शेजारचं गेलं, पुढचं गेलं, मी ऱ्हायलो." आई पाणी आणायला म्हणून आत गेली.

लगेच आठवड्यात नवस फेडायचं ठरलं. भैरोबाला पुरणपोळीचा निवद, सगळी गल्ली देवळात. गुरवानं आईच्या हातात नारळ दिला. "म्हणा बाई, नवस फिटला."

"मी बोललेच न्हवते, फिटंल कुठनं?" आई म्हणाली.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. किती ती लाज! गुरवानं तिच्या वतीनं "फिटला" म्हटलं आणि नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी आजीनं रांगोळी पुसली, दिवा उचलून ठेवला आणि समाधानानं म्हणाली, "सुटलीस बाय. आजपासनं दंडवत बंद."

"मी करणारच हाय."

आजीचा चेहरा उतरला. "तसं करू नगंस गं. फिटलेला नवस परत घातला तर उलटतोय. देव म्हणतोय, आदीचं देणं खोटं व्हतं. दिलेलं परत नेतोय."

म्हणजे आता आईनं जोर मारला तर तो नवऱ्याच्या जिवावर. इतके दिवस ज्या चुकीनं तिची सोय केली होती, तीच आता तिच्या मानेवर बसली. थांबली असती तर घरात देवी म्हणून राहिली असती. आई थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाठीवर घेऊन तिनं सोप्यात रोजच्याइतके जोर मारले. आजी कपाळ बडवत मागच्या दारानं निघून गेली.

सहाव्या दिवशी आबांना थंडी वाजून ताप भरला.

इटलीत त्यांना हिवताप दोनदा येऊन गेला होता, हे आबांनी स्वतः सांगितलं. पलटणीतून आणलेल्या कडू गोळ्याही त्यांच्याकडं होत्या. पण ऐकतो कोण? राहीबाई भिंतीवरून म्हणाली, "उलटला." दुपारपर्यंत विहिरीवर तेच, संध्याकाळी देवळात तेच. ज्या बायांनी आईच्या पायांना हात लावला होता, त्या तिला बघून बाजूनं जायला लागल्या. आई आबांना गोळ्या देत होती, पेज भरवत होती, त्यांच्या पायाशी बसून होती. पण सकाळ झाली की सोप्यातल्या त्याच भुईवर यायची.

तापाच्या तिसऱ्या दिवशी आजी मला कडेवर घेऊन तिच्या जागेवर येऊन उभी राहिली. बाजेवर आबा दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते. आजी म्हणाली, "आज मारायचा आसंल तर माझ्या अंगावरनं मार."

इथलं मला थोडं आठवतं. निदान आजीच्या छातीची धडधड आठवते.

"आत्याबाई, बाजूला व्हा," आई म्हणाली. "माझी आय तिशीत दाराची चौकट धरून उठायची. तिला कुणी मेहनत दिली न्हाई. तीस पोरांच्या कंबरा नीट करणारा नवरा घरात आसून दिली न्हाई. मी तशी बसणार न्हाई. मला गरत म्हणा, अवदसा म्हणा, कायबी म्हणा."

"आन माझं प्वार गेलं तर?" आजी म्हणाली. ती आता ओरडत नव्हती. "एकच हाय गं मला."

आजीचं भय खोटं नव्हतं. ते आईलाही होतंच.

तेवढ्यात बाजेवरून आबांचा आवाज आला. "हरणे, खरं सांग. इतकी वर्सं केलंस, त्यातला एखादा तरी माझ्यासाठी व्हता का?"

मोठेपणी मी आईला विचारलं, तापलेल्या माणसाला 'होता एक' म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? तेव्हा आई ऐंशीला टेकली होती आणि जमिनीवरून कशालाही हात न लावता उठत होती. ती म्हणाली, "त्या एकापायी बाकीचं सगळं गेलं आसतं."

त्या सकाळी ती आबांना म्हणाली, "न्हाई. एकबी न्हाई. तुमचा घोर मी दळताना केला, पाणी वडताना केला, हिला पाजताना केला. दीस उगवल्यापास्नं मावळस्तवर केला. जोर मारताना न्हाई. तेवढी घटका माझी व्हती."

आबांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मला त्यांचं वाईट वाटतं. आईची बाजू घेऊन लिहितेय म्हणून ते लपवणार नाही. जो आधार छातीवर बाळगून माणूस गोळीबारातून जगून आला, तो त्याच्या बायकोनं त्याच्या तोंडावर काढून घेतला होता.

मग भिंतीकडंच बघत ते म्हणाले, "आये, सर बाजूला. माझं नावच न्हाई त्यात, तर माझा ताप त्यात कुठनं यील?"

आजी सरली. आईनं त्या दिवशी रडत रडत जोर मारले, पण पुरे मारले.

गोळ्यांनी ताप उतरला. आबा मात्र आठ दिवस आईशी बोलले नाहीत. ती जेवायला वाढायची, ते जेवायचे, पाट सरकवून उठायचे. आजीनं दळण परत आईकडं दिलं. राहीबाईनं तर गल्लीभर सांगत सुटायचं व्रतच घेतलं, की नवसाच्या नावाखाली हिनं सगळ्यांना फसवलं. ज्या बाईनं नवस नाही, नवस नाही म्हणून दोन वर्षं गळा कोरडा केला, तिला हे ऐकावं लागलं. ती ऐकून घ्यायची आणि सकाळी सोप्यात यायची.

नवव्या दिवशी आबा पहिल्यांदा बाहेर ओट्यावर येऊन बसले. हातात चहाचा पेला, अंगावर घोंगडी, गाल बसलेले. मागं सोप्यात आई जोर मारत होती आणि मी तिच्या पाठीवर होते. राहीबाई घागर घेऊन चालली होती. ती मुद्दाम थांबली.

"सयाजी, आरं नवस तर कवाच फिटला की. आता कुणासाठी चाललंय रं हे?"

आबांना तिथं स्वतःचं नाव सांगता आलं असतं. माझ्या तब्येतीसाठी, म्हटलं असतं तर राहीबाई गप्प झाली असती, गाव खूश झालं असतं, आजीनं पुन्हा रांगोळी काढली असती आणि त्यांचाही मान राहिला असता. आईलासुद्धा बहुधा तेच अपेक्षित होतं, कारण तिचा जोर अर्ध्यात थांबला होता.

आबा चहाच्या पेल्यात बघत म्हणाले, "कुणासाठी न्हाई."

"आवं, कुणासाठी न्हाई कसं?" आतून आई ओरडली. "नीट सांगा की!"

आबांनी पेला ओट्यावर ठेवला, घसा खाकरला आणि चार घरं पलीकडं ऐकू जाईल अशा पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "तिच्यासाठी, राहीबाई. तिच्या सोताच्यासाठी."

राहीबाई घागर सावरत उभीच राहिली. आत आईनं पुढचा जोर मारला.